सुपारी, उचल आणि विठाबाई

पुणे–नाशिक रस्त्यावर, मीना नदीच्या काठी नारायणगाव आहे. जुन्नर तालुक्यातली ही बाजारपेठ बाहेरच्या जगाला टोमॅटोमुळे ठाऊक आहे. होळी झाली की मात्र इथे वेगळाच व्यवहार सुरू होतो. रस्त्याच्या कडेला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. आत मॅनेजर बसलेला, त्याच्यापुढे तारखांची वही, आणि गावोगावचे पंच उन्हातान्हात एका राहुटीतून दुसरीत जाताहेत. कुठल्या गावची यात्रा कुठल्या तिथीला, त्या रात्री कोणता फड मोकळा आहे, वग कोणता लावणार, दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी होणार का आणि या सगळ्याचे पैसे किती, हे तिथेच घासाघीस करून ठरतं. ठरलं की विसार दिला जातो. फडाला सुपारी मिळते आणि वहीतली ती तारीख भरते. गुढीपाडव्याला ही गर्दी टिपेला पोचते.

हा बाजार नारायणगावातच का भरावा? एक कारण भूगोलाचं आहे. चैत्र-वैशाखात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांतल्या बहुतेक गावांच्या यात्रा असतात. रब्बी घरात आलेली असते. मुंबईच्या भाजीबाजारात, डब्याच्या धंद्यात असलेली माणसं यात्रेला हमखास गावी येतात. वर्गणी निघते. मांडव-डहाळे, शेरणी, पालखी, बैलगाडे, कुस्त्या आणि रात्री तमाशा, असा यात्रेचा थाट. एकाच पंधरवड्यात शेकडो गावांना फड हवे असतात आणि फडांना रातोरात ट्रक पोचेल अशा अंतरावरच्या सलग तारखा हव्या असतात. पुणे, नगर, नाशिक या तिन्हीकडे जाणाऱ्या वाटांवरचं गाव त्याला सोयीचं पडलं. दुसरं कारण म्हणजे गावातच एक नावाजलेला फड होता: भाऊ-बापू मांग नारायणगावकर.

विठाबाई नारायणगावकर त्या फडात वाढल्या. तमाशासम्राज्ञी म्हणून त्यांचं कौतुक पुष्कळ झालं आहे आणि ते रास्तच आहे. पण इतकं नाव मिळवलेल्या बाईच्या शेवटच्या आजारपणाचं बिल दानशूरांच्या मदतीतून भागवायची वेळ का आली, हे समजून घ्यायचं असेल तर त्यांच्या आवाजाबरोबर राहुटीतली ती वहीही वाचावी लागते.

या घराण्याचं आडनाव खुडे. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. भाऊ आणि बापू या त्यांच्या मुलांनी, म्हणजे विठाबाईंच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी, तो वाढवला. पाटीवर ‘मांग’ हा शब्द होता आणि तो कधी पुसला गेला नाही. तमाशा ही महार, मांग, कोल्हाटी, गोपाळ अशा समाजांनी जगवलेली कला. गाव त्यांना ऐकायला रात्रभर जागत असे आणि उजाडल्यावर त्यांच्यापासून अंतर राखत असे. त्या काळात जात पाटीवर लिहून गावोगाव फिरणं हे धारिष्ट्य होतं, असं मला वाटतं. पुढे विठाबाईंनीही स्वतःच्या फडाला ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ असंच नाव दिलं.

त्याआधीच्या पिढीवर पठ्ठे बापूरावांची छाया होती. रेठरे हरणाक्षचे श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी ब्राह्मणी घर सोडून तमाशात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. संगमनेरकडच्या पवळा हिवरगावकर यांच्या साथीने त्यांनी ढोलकीच्या फडाला अमाप लोकप्रियता मिळवून दिली. तोवर फडात बाईची भूमिका नाच्या पोऱ्या करत असे. पवळाबाई उभ्या राहिल्या आणि तिथून चित्र पालटलं.

याच बापूरावांशी जोडलेला एक प्रसंग इथे सांगायला हवा. १९२७च्या महाड सत्याग्रहाच्या सुमारास त्यांनी आपल्या खेळांचं उत्पन्न चळवळीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देऊ केलं. बाबासाहेबांनी ते घेतलं नाही. आपल्याच समाजातल्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा त्यांच्याच मुक्तीच्या लढ्याला नको, अशी त्यांची भूमिका होती. पैशाची चणचण असताना दिलेला हा नकार मोठा आहे. पण देऊ करणारा फडही आहे, हे विसरू नये. तमाशाने समाजाला काय द्यावं आणि समाजाने ते कसं घ्यावं, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५चा, पंढरपूरचा. पंढरीत जन्मलेली मुलगी विठा. शाळेत ती फारशी रमली नाही. खरी शाळा फडातच होती. वडील, चुलते, ढोलकीवाले, सोंगाडे यांच्यात वाढताना मूल आधी झीलकऱ्यांच्या मागे उभं राहून सूर धरायला शिकतं, मग गवळणीत छोटंसं काम मिळतं, मग पायात चाळ येतो. चाळ म्हणजे शेकड्यांनी घुंगरं ओवलेले जाड पट्टे. ते पोटरीवर बांधून रात्रभर नाचायचं आणि वर दम न लागता लावणीही गायची. गायिका वेगळी, नर्तिका वेगळी आणि नटी वेगळी अशी वाटणी तमाशात नसते. गण झाला की गवळण, मग बतावणी, मग वग. त्याच बाईने गौळण व्हायचं, मावशीशी हुज्जत घालायची, शृंगाराची लावणी पेलायची आणि पहाटेच्या वगात डोळ्यांतून पाणी काढायचं. आज एखादी गायिका अभिनयही करते याचं अप्रूप वाटतं. विठाबाईंच्या पिढीला हे रोजचं होतं.

त्या तरुण होत होत्या त्याच सुमारास तमाशावर संकट आलं. स्वातंत्र्याच्या काळात मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. ज्यांच्याकडे जमीन नव्हती आणि गावात दुसरं काम कुणी देत नव्हतं, अशा हजारो माणसांची चूल त्या एका हुकमाने विझली. कलावंतांनी गाऱ्हाणं मांडलं, मंत्र्यांपुढे खेळ करून दाखवले. अखेर महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि बंदी उठली. पण वगांची संहिता आधी तपासून घ्यायची, हे बंधन मागे राहिलं. पांढरपेशा वर्गाला चालेल असं ‘लोकनाट्य’ हे नाव फडांच्या पाट्यांवर आलं ते याच काळात. शहरी लेखकांनी, शाहिरांनी या साच्यात नवी नाटकं लिहिली आणि त्यांना पुरस्कारही मिळाले. गावोगाव हिंडणारे फड मात्र होते तिथेच राहिले: उघड्यावर, गॅसबत्तीच्या उजेडात.

या गॅसबत्तीच्या उजेडातून विठाबाई पुढे आल्या. १९५७ साली, जेमतेम बाविसाव्या वर्षी, त्यांना राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला. दहा वर्षांपूर्वी जी कला सरकारला नको होती, तिचा गौरव देशाच्या सर्वोच्च पदावरून झाला, हा बदल त्या पिढीने आपल्या डोळ्यांनी पाहिला. वडिलांच्या पश्चात फडाची धुरा विठाबाईंवर आली. ‘रक्तात न्हाली कुऱ्हाड’सारख्या वगांनी त्यांचं नाव घराघरांत पोचवलं. तंबूत बसलेल्या शेतकऱ्याला कुऱ्हाड ठाऊक होती, भाऊबंदकी ठाऊक होती, सावकार ठाऊक होता; वग त्याच्या घरातलाच असे. रात्री दहाला बसलेलं गाव पहाटेपर्यंत हलत नसे.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत जास्त सांगितला जाणारा प्रसंग याच भरभराटीच्या काळातला. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. खेळ रंगात असताना कळा सुरू झाल्या. त्या आत राहुटीत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने ठेचून नाळ तोडली आणि पुन्हा चाळ बांधून लोकांपुढे उभ्या राहिल्या. थोड्या वेळापूर्वीचं पोट आता दिसेना, तेव्हा प्रेक्षक चकित झाले. चौकशी केली तर प्रकार कळला. मग लोकांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला.

हा प्रसंग कलेवरच्या निष्ठेचा दाखला म्हणून सांगतात. निष्ठा होतीच. पण मला त्यात आणखी काही दिसतं. दिवस भरलेली बाई त्या रात्री मंचावर का होती? कारण ती फडाचं मुख्य आकर्षण होती, फडाची मालकही होती, आणि तारीख मोडली असती तर ठरलेले पैसे बुडून शंभर माणसांच्या जेवणाचा प्रश्न उभा राहिला असता. कोयता घेऊन उसाच्या फडात उतरलेल्या बाईलाही बाळंतपणाची सुटी मिळत नाही. तमाशाच्या फडातल्या बाईची गत वेगळी नव्हती. खेळ थांबवणारे ते अनाम प्रेक्षक मला या गोष्टीत फार महत्त्वाचे वाटतात. गावाने एरवी जे केलं नाही ते त्या रात्री केलं: नाचणाऱ्या बाईत एक ओली बाळंतीण पाहिली.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने सीमेवर हल्ला केला. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि महाराष्ट्रात जवानांसाठी काही करण्याची लाट उसळली. बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीत दिले. विठाबाई आपल्या फडासह सीमेवर गेल्या आणि त्यांनी जवानांपुढे खेळ केले. नारायणगावच्या राहुटीतून ईशान्य सीमेवरच्या नेफाच्या थंडीत जाणं, ढोलकीचं कातडं दमट हवेत उतरू नये म्हणून शेकत बसणं, नऊवारीत उघड्यावर नाचणं, हा काही सहलीचा प्रकार नव्हता. समोर बसलेल्या मराठा आणि महार पलटणींच्या पोरांना आपल्या गावच्या यात्रेची आठवण करून देणारा तेवढाच एक आवाज तिथे होता.

देण्याचा हा एकच प्रसंग नव्हता. पुणे, सातारा, सांगली, नगर भागात गावाला शाळेची खोली बांधायची असेल, देवळाचा सभामंडप पुरा करायचा असेल किंवा तालमीवर पत्रे टाकायचे असतील, तर मदतीचा तमाशा ठेवायची रीत होती. तिकिटं गावकरी खपवत, फड कमी पैशात उभा राहत आणि उरलेली रक्कम गावाच्या कामी लागे. त्याची कोनशिला कुठे बसलेली नाही. देणगीदारांच्या फलकावर सरपंचाचं, आमदाराचं, मुंबईकर मंडळींचं नाव असतं, फडाचं नसतं. त्या शाळेत फडातल्या बाईचं मूल नीट शिकू शकलं का, हा आणखी वेगळा प्रश्न. आज इथला, उद्या तिथला मुक्काम असलेल्या मुलाचं नाव कुठल्या हजेरीपटावर टिकणार?

विठाबाईंचा फड वर चढत असतानाच त्याला एक जबरदस्त स्पर्धक उभा राहिला. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. मग तमाशापटांची रांग लागली. १९७२ साली व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ने तिचा कळस गाठला. पडद्यावरची लावणी देखणी होती, चकचकीत होती, आणि तिकीट काढून कुटुंबासह पाहता येत होती. जी बाई खऱ्या फडात असताना घरंदाज माणूस चोरून पाहायला जाई, तिचीच गोष्ट तो आता मानाने पाहू लागला. शोकांतिकेचे अश्रू पडद्यावरच्या नर्तकीला मिळाले. गावच्या फडापुढे मात्र मागणी आली की सिनेमातली गाणी लावा.

फडांनी जमवून घेतलं. उघड्या मैदानाची जागा तंबूने घेतली, तिकीटबारी आली, जनरेटर आले, रंगीत दिवे आले, सिनेमाची गाणी आली. पूर्वी दहा-पंधरा माणसांत भागणारा संच मोठा झाला. मोठ्या फडात शे-सव्वाशे माणसं झाली. आचारी, ड्रायव्हर, तंबूवाले, बिगारी, वादक, नर्तिका, सोंगाडे. इथेच उचलीचा व्यवहार घट्ट बसला.

तो असा चालतो. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि अक्षय्य तृतीयेच्या, फार तर बुद्ध पौर्णिमेच्या आसपास संपतो. पावसाळ्यात खेळ नाहीत. पण घरं चालवायची असतात, लग्नं काढायची असतात, आजारपणं असतात. म्हणून कलावंत पुढच्या हंगामाची उचल आधीच घेतो. ती फडमालकाने द्यायची. मालकाकडे तेव्हा पैसा नसतो, म्हणून तो सावकाराकडे जातो. म्हणजे दसऱ्याला पहिल्या खेळाची ढोलकी वाजते तेव्हा फड आधीच कर्जात असतो. मग तंबूची डागडुजी, नवे कपडे, ट्रकची कामं. हंगामात सावकार व्याजाची वसुली आधी करतो. अवकाळी पाऊस आला, निवडणुकीची आचारसंहिता लागली, टारगट पोरांनी तंबूवर दगड मारले, की त्या रात्रीचा गल्ला गेला. कलावंत उचल घेऊन पळाला तरी तोटा मालकाचाच. शेवटी मालकाच्या हातात राहतं ते नाव.

पुरुष फडमालकही यात बुडाले. पण विठाबाईंच्या बाबतीत मालक, मुख्य नर्तकी, मुख्य गायिका आणि आई ही चारही माणसं एकच होती. मालक म्हणून तोटा सोसायचा आणि तो भरून काढायला पुन्हा आपणच नाचायचं, अशी ही बांधणी होती. पाय थकले की फडाचं उत्पन्न थकलं. १९९० साली त्यांना पुन्हा राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला. तोवर त्यांची पंचावन्नी आली होती. दोन सन्मानांमध्ये तेहतीस वर्षांचं अंतर, आणि त्या तेहतीस वर्षांत लोककलावंताला म्हातारपणी जगता येईल अशी कुठलीही भक्कम व्यवस्था या राज्याला उभी करता आली नाही. वृद्ध कलावंतांचं मानधन होतं, पण घर चालावं इतकं ते कधीच नव्हतं.

शेवटचे दिवस ओढगस्तीत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. दवाखान्याचं देणं लोकांच्या मदतीने फिटलं. ज्या बाईने गावागावांच्या कामांसाठी आणि सीमेवरच्या जवानांसाठी आपला खेळ दिला, तिच्यासाठी शेवटी वर्गणी काढावी लागली, हे लिहिताना आजही संताप होतो. मदत करणारे भले होते, त्यांच्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण एकेकाळी या भागातली माणसं बैलगाड्या जुंपून जिचा तमाशा पाहायला येत, तिला उतारवयात हक्काचं असं काही मिळू नये?

राज्य सरकारने २००६ साली त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पहिला मान कांताबाई सातारकर यांना मिळाला. कांताबाई म्हणजे संगमनेरच्या फडातली तेवढीच तोलाची बाई. तुकाराम खेडकर यांच्याबरोबर उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागे मुलगा रघुवीर यांच्यासह फड चालवत राहिल्या. नंतरच्या मानकऱ्यांत वसंत अवसरीकर आहेत. त्यांच्या नावातच आंबेगाव तालुक्यातली अवसरी आहे. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनाही आईच्या नावाचा हा पुरस्कार मिळाला. योगीराज बागूल यांनी ‘तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा’ हे चरित्र लिहिलं; हालअपेष्टांची एवढी तपशीलवार नोंद होणं तमाशातल्या फार थोड्या बायकांच्या वाट्याला आलं आहे.

मंगला बनसोडे आणि मालती इनामदार या दोघी लेकींनी स्वतंत्र फड काढले. म्हणजे आईचं कर्ज ज्यांनी जवळून पाहिलं, त्यांनीच तोच धंदा पुन्हा पत्करला. त्याला नाइलाज म्हणावं, की रक्तातली ओढ? मला वाटतं, दोन्ही. मंगलाताईंनी तंबूचा तमाशा मोठ्या संचाने चालवला, ऐतिहासिक आणि सामाजिक वग लावले आणि फडाचा कारभार ठाम हाताने केला. व्हिडिओ आला, ऑर्केस्ट्रा आला, डीजे आला, तरी यात्रेच्या रात्री तमाशा हवाच, असं म्हणणारी गावं जुन्नर-आंबेगावात राहिली. त्या गावांमुळे नारायणगावच्या राहुट्या टिकल्या.

विठाबाईंच्या मरणाने जी गोष्ट दाखवून दिली होती, ती पुढे एका साथीने सगळ्या महाराष्ट्राला दाखवली. २०२०चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. फडांनी उचली वाटलेल्या होत्या, कर्जं काढलेली होती, आणि वर्षाची कमाई ज्या दोन महिन्यांत व्हायची ते दोन महिने कोरे गेले. २०२१चा पाडवा १३ एप्रिलला आला आणि लगेच १४ एप्रिलला राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. सलग दोन हंगाम यात्रा नाहीत. शे-सव्वाशे माणसांच्या फडांतली माणसं शेतमजुरीला, हमालीला, भाजी विकायला गेली. समाजातल्या लोकांनी धान्याच्या पिशव्या पोचवल्या. पुन्हा तीच गत: कलावंताच्या पदरात हक्काऐवजी मदत.

तमाशा कलावंतांसाठी विमा, हंगामाबाहेरच्या महिन्यांसाठी कमी व्याजाचं कर्ज, फडांसाठी नियमित अनुदान, या मागण्या जुन्या आहेत. अनुदान अधूनमधून जाहीर होतं, मिळायला उशीर होतो. सावकाराच्या जागी बँक उभी राहिली असती तर विठाबाईंचा अर्धा भार उतरला असता. फडाकडे तारण ठेवायला तंबू आणि ट्रक यांपलीकडे काही नसतं. खरं तारण असते ती तारखांची वही, आणि ती बँकेला वाचता येत नाही. सावकाराला मात्र ती नीट वाचता येते.

२०२२ साली पाडवा २ एप्रिलला होता आणि राज्य सरकारने करोनाचे सगळे निर्बंध त्याच पाडव्यापासून उठवले. नारायणगावात राहुट्या पुन्हा लागल्या. दोन वर्षं यात्रा न झालेल्या गावांचे पंच विसाराचे पैसे घेऊन आले, मॅनेजरांनी वह्या उघडल्या, आणि गेल्या दोन हंगामांची थकलेली उचल डोक्यावर घेऊनच फड चैत्राच्या तारखा भरू लागले.